भाताच्या शेतातली जांभळी सावली : वाचकांचे प्रश्न, चित्रकाराची उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत. रंगांचे सुटे फटकारे शेजारी शेजारी ठेवून ऊन, धुके आणि पाणी दाखवणारी, दृक्प्रत्ययवादी (म्हणजे एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समधल्या ‘इंप्रेशनिस्ट’) चित्रांपासून प्रेरणा घेतलेली नवी चित्रे आता बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील प्रदर्शनांत आणि घरांच्या भिंतींवर दिसू लागली आहेत. ती आवडणारे वाचक आहेत, तसेच त्यांनी गोंधळून गेलेलेही आहेत. म्हणून इतर पत्रे पुढील अंकासाठी ठेवून हा सगळा अंक याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : आमच्या मुलाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला एका तरुण स्थानिक चित्रकाराचे तैलचित्र विकत आणले. राजहंसगडाच्या पायथ्याची, येळ्ळूरच्या बाजूची पिकलेली भातशेते आणि सकाळची वेळ असा विषय आहे. फ्रान्समधील दृक्प्रत्ययवादी चित्रांवरून प्रेरणा घेतल्याचे चित्रकाराने सांगितले. जवळ गेले की नुसते रंगाचे गोळे दिसतात आणि बांधाची सावली चक्क जांभळी आहे. पाहुणे विचारतात, चित्र अपुरे राहिले आहे का? आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग चालला, त्यामुळे रंगाची थोडी जाण आहे; तरीही हे उमगत नाही. छायाचित्र सोबत जोडले आहे. — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपले चित्र पूर्ण झालेले आहे. आपल्या पाहुण्यांना जी शंका आली तीच शंका पॅरिसमधील प्रेक्षकांनाही आली होती, आणि ती बरीच कडवटपणे बोलून दाखवली गेली. क्लोद मोने याने ल हाव्र बंदरातील सूर्योदयाचे एक छोटे तैलचित्र १८७२ मध्ये रंगवले. १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत मोने, रन्वार, पिसारो, सिस्ले, देगा, बर्थ मोरिझो आणि त्यांच्या सोबत्यांचे स्वतंत्र प्रदर्शन उघडले, तेव्हा हे चित्र तेथे होते. लुई लरुआ या समीक्षकाने चित्राच्या ‘इंप्रेशन, सूर्योदय’ या शीर्षकातला ‘इंप्रेशन’, म्हणजे डोळ्यावर उमटलेला ठसा, हा शब्द उचलून साऱ्या गटाची टर उडवली आणि भिंतीवर चिकटवायचा कच्चा कागदसुद्धा या समुद्रचित्रापेक्षा अधिक पूर्ण असतो, असे लिहिले. पुढे तेच नाव त्या चळवळीला चिकटले. त्या काळातील सरकारमान्य प्रदर्शनांत चित्राचा पृष्ठभाग गुळगुळीत असावा, ब्रशची खूण दिसू नये, हीच पूर्णतेची कसोटी होती. या चित्रकारांची कसोटी वेगळी होती. एका ठरावीक वेळेचा उजेड चित्रात आला की त्यांच्या दृष्टीने चित्र संपले. त्यानंतर फटकारे पुसून एकजीव करत बसले तर तो उजेडच मरतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

आता सावलीविषयी. सावली म्हणजे उजेडाचा पूर्ण अभाव, असे आपण गृहीत धरतो. परंतु उघड्या माळावर असे कधीच घडत नाही. सकाळी सूर्य खाली असताना त्याचे थेट किरण पिवळसर नारिंगी असतात आणि ते जेथे पडतात तो भाग उबदार दिसतो. बांधाच्या आडोशाला हे किरण पोहोचत नाहीत, पण डोक्यावरचे निळे आकाश त्या जागेवर आपला उजेड टाकतच असते, म्हणून ती सावली निळसर होते. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. पिकलेल्या भाताच्या दाट पिवळ्या रंगाशेजारी कोणताही करडा रंग ठेवला तर डोळ्याला तो जांभळ्याकडे झुकलेला भासतो, कारण पिवळ्याचा विरोधी रंग, म्हणजे रंगचक्रात त्याच्या अगदी समोर येणारा रंग, जांभळा आहे. आपल्या चित्रकाराने ही दोन्ही कारणे पाहून मगच जांभळा वापरला आहे. यावर विश्वास ठेवण्याचीही आवश्यकता नाही. कापणीच्या दिवसांत सकाळी आठच्या सुमारास येळ्ळूरच्या शिवारात जाऊन, मूठ अर्धवट मिटून तिच्या पोकळीतून फक्त सावलीचा तुकडा पाहावा, आणि मग त्याच्याशेजारचा उन्हातला तुकडा पाहावा. काळा रंग कोठेही सापडणार नाही.

आपल्या घरात माग चालला असे आपण लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलतात, हा नियम व्यवस्थित मांडणारा माणूस चित्रकार नव्हता. मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसमधील गोब्लँ या विणकामाच्या सरकारी कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळ्या धाग्याला पुरेसा काळेपणा चढत नाही, अशी तक्रार तेथे येत असे. त्याने तपासले तेव्हा रंगात काहीच खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी विणलेले निळे आणि जांभळे धागे त्याचा काळेपणा फिका पाडत होते. यावरून केलेला अभ्यास त्याने १८३९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि पुढच्या पिढ्यांच्या चित्रकारांनी त्यातून पुष्कळ घेतले. शहापूर-वडगावच्या मागावर ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन धूपछाव कापड विणले जाते. ते हातात घेतले की दोन धागे वेगळे दिसतात आणि चार पावलांवरून तिसराच रंग झळकतो. आपल्या भिंतीवरचे चित्रही असेच वाचायचे आहे. पिवळा, फिका हिरवा आणि थोडा गुलाबी असे सुटे फटकारे त्याने मिसळलेले नाहीत. ते मिसळण्याचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवले आहे. म्हणून हे चित्र अरुंद बोळकांडीत लावू नये. समोर आठ-दहा फूट मोकळी जागा मिळेल अशा भिंतीवर लावावे, आधी लांबून पाहावे आणि नंतर जवळ जावे.

एक प्रयोग घरच्या घरी करता येईल. चित्राचा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहावा. मोनेच्या त्या सूर्योदयात नारिंगी सूर्य आणि भोवतालचे निळसर करडे आकाश यांची उजळता जवळजवळ सारखी आहे, त्यामुळे कृष्णधवल प्रतीत सूर्य जवळपास नाहीसा होतो. रंगीत चित्रात तो थरथरल्यासारखा वाटतो त्याचे कारण हेच. आपण पाठवलेल्या छायाचित्रावर मी हे करून पाहिले. उन्हातला भात आणि त्याच्या कडेची सावली यांत उजळतेचा फरक फार थोडा आहे, आणि दिवसाचे ऊन त्याने मुख्यतः रंगाच्या फरकातून उभे केले आहे. हे कठीण काम आहे आणि त्याने ते चांगले केले आहे. बांधाच्या सावलीत खालच्या अंगाने शिरलेला पिवळसर उजेड तर विशेष पाहण्यासारखा आहे; कापलेल्या पेंढ्यांवरून परत आलेले ऊन सावलीत शिरते ते असेच, आणि प्रत्यक्ष जागेवर उभे राहिल्याशिवाय ते सुचत नाही.

आकाशाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. गुलाबी आणि फिक्या निळ्या ढगांचे ते तुकडे मला पुस्तकातून आलेले वाटतात. कापणीच्या सुमारास आपल्याकडे सकाळी क्षितिजाजवळ पांढुरका, किंचित पिवळट थर असतो आणि गडाची कडा त्यात विरघळते. या चित्रात ती कडा सुरीने कापल्यासारखी स्पष्ट आहे. चित्रकार तरुण आहे आणि शेत पाहण्याची त्याची नजर पक्की आहे. तीच नजर त्याने आकाशाकडेही वळवावी, हा निरोप त्याच्यापर्यंत जरूर पोहोचवावा.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात चित्रकला शिकवतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर सूर्यदर्शनही दुर्मीळ असते. ऊन-सावलीवर उभी असलेली ही शैली आमच्या मुलांना शिकवण्यात अर्थ आहे का? आणि दुसरे असे की, ही फ्रान्सची नक्कलच नव्हे का? — एक कलाशिक्षक, खानापूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो अधिक वेळा विचारला जातो. दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी स्वतः जपानी लाकूडठशांच्या चित्रांतून कितीतरी घेतले. कडेला अर्धी कापलेली आकृती, उंच घेतलेले क्षितिज, सपाट रंगाचे मोठे पट्टे ही सगळी त्यांची उसनवारी होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. त्यांची साधनेही नवी होती. जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने १८४१ मध्ये रंगासाठी धातूची पिळता येणारी नळी शोधली; त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवावे लागत. ही नळी नसती तर शेतात बसून दिवसभर तैलरंगात काम करणे फार अवघड झाले असते. व्हिरिडियन हा हिरवा, सेरुलियन ब्लू हा निळा यांसारखे रंग त्याच शतकात बाजारात आले. म्हणजे नवे साधन, परक्या मुलखातून आलेली दृष्टी आणि घराजवळचा विषय या तिन्हींच्या मेळातून ती चित्रे झाली. आपल्या मुलांनीही तसे करावे, यात कमीपणा कोणता?

आपल्या परिसरात हा मेळ फार पूर्वीच बसला आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांनी काम केले आणि रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ यांच्या काठाने हिंडून तेथील ओलसर सकाळ आणि संध्याकाळ रंगवली. १९३१ मध्ये ते गेले. त्यांच्या निसर्गचित्रांत पाण्याच्या कडेचा जो धूसर उजेड आहे तो पंचगंगेच्या खोऱ्यातलाच आहे, दुसरीकडचा नव्हे. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी चित्रमंदिर या कलाशाळेतून विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. येथेच १९३५ मध्ये जन्मलेले रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. वास्तववादी शिस्त आणि उघड्यावर बसून रंगवण्याची सवय ही दोन्ही या भागात रुजलेली आहेत. आपण मुलांना जे शिकवणार आहात, त्याला या मातीत आधार आहे.

नक्कल कोठे सुरू होते तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. फ्रान्समधील नॉर्मंडीच्या हवेतील फिकट जांभळी आणि मोतिया छटा उचलून ती जांबोटीच्या घाटावर चिकटवली, तर ती नक्कल झाली, मग फटकारे कितीही मोकळे असोत. मोनेने ज्या चिकाटीने आपल्या दारातील उजेड पाहिला, त्याच चिकाटीने आपण मलप्रभेच्या काठचा उजेड पाहिला, तर चित्राचे रंग आपोआप वेगळे होतील.

आता पावसाविषयी. ही चळवळ फक्त उन्हाची होती, हा समज चुकीचा आहे. सिस्लेने १८७६ मध्ये पोर्-मार्ली गावात शिरलेला सेन नदीचा पूर रंगवला. त्याच गटातील कायबोतचे पावसात भिजलेल्या पॅरिसच्या चौकाचे मोठे चित्र १८७७ चे आहे. मोनेने १८९९ ते १९०१ या काळात लंडनला जाऊन थेम्स नदीवरचे धुके पुनःपुन्हा रंगवले, आणि त्या चित्रांत पूल, संसदेची इमारत, सूर्य सगळे धुक्याच्या स्वाधीन झालेले आहे. लोंढा किंवा कणकुंबीकडच्या आषाढी धुक्यात वाढलेल्या मुलाला ही चित्रे परकी वाटणार नाहीत.

पावसाळी उजेडाचे व्याकरण मात्र वेगळे आहे, आणि वर्गात तेच शिकवावे लागेल. ढगाळ दिवशी उजेड साऱ्या आकाशातून सारखा येतो, त्यामुळे सावलीला कडा राहत नाही; वस्तूंच्या खाली फक्त एक मऊ गडदपणा उरतो. उजेड आणि अंधार यांच्यातील अंतर कमी होते, आणि चित्र उभे करण्याचा सगळा भार उबदार व थंड रंगांच्या फरकावर येतो. खानापूरची तांबडी माती भिजली की गडद होते आणि तिचा तांबडेपणा अधिक खोल दिसतो; तेथे बर्न्ट सिएना आणि लाइट रेड या तांबूस रंगांना पर्याय नाही, पण त्यांच्या जोडीला थोडा अल्ट्रामरीन निळा हवा, नाहीतर चिखल विटेसारखा कोरडा दिसतो. चिखलणी झालेल्या शेतात साचलेल्या पाण्यात आकाश उतरते, आणि ते बहुधा आकाशापेक्षा किंचित गडद दिसते, कारण वरून पडलेल्या उजेडाचा काही भाग पाण्यात शिरून जातो. मुलांना हे कागदावर सांगून कळत नाही; शाळेजवळच्या खाचरावर नेऊन दाखवावे.

सर्वांत मोठी अडचण हिरव्याची आहे. लावणीनंतर सगळे शिवार एकच हिरवे वाटते आणि मुले नळीतला तयार हिरवा थेट कॅन्व्हासवर फासतात. माझी सूचना अशी की वर्षभरासाठी तयार हिरवी नळी वर्गातून काढून टाकावी. कोबाल्ट ब्लू आणि लेमन यलोने कोवळ्या रोपांचा हिरवा होतो, अल्ट्रामरीन आणि यलो ऑकरने जुन्या झाडांचा मातकट हिरवा होतो, आणि दूरच्या डोंगराला हिरवा जवळजवळ लागतच नाही, तेथे निळसर करडा पुरतो. करडादेखील काळा आणि पांढरा मिसळून करू नये. विरोधी रंग एकमेकांत मिसळले की जिवंत करडा मिळतो. मात्र काळा रंग या चित्रकारांनी पूर्णपणे वर्ज्य केला होता, असे मुलांच्या मनावर ठसवू नका. रन्वारच्या १८७४ मधील नाट्यगृहाच्या सज्जातील चित्रात स्त्रीच्या पोशाखावरचे काळे पट्टे चित्राचा सगळा डौल सांभाळतात. सावलीसाठी आळसाने काळा वापरणे ही चूक आहे. काळी वस्तू काळी रंगवणे ही चूक नाही.

प्रश्न : घर, मुले आणि शेतीची कामे यांतून मला बाहेर इझल मांडून बसणे शक्य नाही. गावात एकट्या बाईने रस्त्याकडेला बसून चित्र काढले तर गर्दी जमते. मग या पद्धतीने रंगवण्याची इच्छा सोडून द्यावी का? — एक वाचक, उचगाव

उत्तर : ताई, कृपया सोडू नका. आपली अडचण या चळवळीच्या अगदी पहिल्या दिवसापासून तिच्यासोबत आहे. बर्थ मोरिझो १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात होती आणि एकूण आठ प्रदर्शनांपैकी फक्त १८७९ चे, मुलीच्या जन्मानंतरचे, तिने चुकवले. त्या काळच्या पॅरिसमध्ये चांगल्या घरातील स्त्रीला एकटीने रस्त्यावर किंवा कॅफेत बसून रंगवता येत नसे. म्हणून तिने घर, बाग, गच्ची, खिडकी आणि आरशासमोर बसलेली स्त्री हे विषय घेतले. पाळण्यातल्या बाळाकडे पाहणाऱ्या आपल्या बहिणीचे चित्र तिने १८७२ मध्ये केले. त्यातील पाळण्याच्या पारदर्शक पडद्यात पांढरा रंग किती प्रकारचा असू शकतो ते पाहावे. निळसर, गुलाबी, करडा अशा कितीतरी छटा तेथे आहेत आणि तरी पडदा पांढराच वाटतो. मेरी कसाट ही अमेरिकी चित्रकार १८७९ पासून या गटासोबत प्रदर्शित होऊ लागली, आणि आई व मूल हा विषय तिने जितक्या गंभीरपणे हाताळला तितका थोड्यांनीच हाताळला असेल. पिसारोलाही उतारवयात डोळ्यांच्या विकारामुळे उघड्यावर बसता येईना, तेव्हा १८९७ मध्ये त्याने हॉटेलच्या खिडकीतून पॅरिसचा एकच रस्ता सकाळी, पावसात आणि रात्रीही रंगवला.

आपल्या घरात एक खिडकी निवडावी. तिच्यातून येणारा उजेड शेणाने सारवलेल्या जमिनीवर, फरशीवर किंवा तांब्याच्या घागरीवर कसा पडतो ते एकाच वेळी, रोज, जमेल तितके दिवस पाहावे. वही आणि जलरंगाची छोटी पेटी पुरेशी आहे. पडवीत वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर किंवा साडीवर बाजूच्या भिंतीचा रंग कसा उतरतो, एवढा एकच विषय घेतला तरी वर्षभर पुरेल. गर्दी जमण्याची भीती सवयीने कमी होईलही, परंतु तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी शेतात जाऊन मोबाइलवर फोटो काढतो आणि घरी येऊन त्यावरून दृक्प्रत्ययवादी पद्धतीने रंगवतो. शिक्षक म्हणतात की हे चालणार नाही. उजेड इतका लवकर बदलतो की जागेवर चित्र पुरे होतच नाही. मी काय करावे? — कला महाविद्यालयाचा विद्यार्थी, निपाणी

उत्तर : शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त त्याचे कारण समजून घे. मोबाइलचा कॅमेरा गडद भाग आपल्या हिशेबाने उजळतो आणि लख्ख भाग दाबतो, आणि पांढऱ्या रंगाचा समतोल साधताना सकाळ-संध्याकाळच्या उजेडाचा रंगच काढून टाकतो. तुला ज्या सावलीचा निळा किंवा तांबूस रंग शोधायचा आहे तोच त्या फोटोत उरत नाही. मग तू तो पुस्तकातल्या चित्रांवरून आठवून भरतोस. फोटोवरून आकार, प्रमाण आणि रचना तपासावी, रंग मात्र जागेवरच टिपावेत.

उजेड बदलतो यावर मोनेने एक साधा उपाय काढला. झिवर्नीजवळच्या शेतातील गंजी त्याने १८९०-९१ मध्ये रंगवल्या, तेव्हा तो एकापेक्षा अधिक कॅन्व्हास बरोबर ठेवी आणि उजेड बदलला की कॅन्व्हास बदली. दुसऱ्या दिवशी तीच वेळ आली की तोच कॅन्व्हास पुन्हा पुढे येई. अशी सुमारे पंचवीस चित्रे झाली. मात्र सगळे काही जागेवरच संपले, असेही नाही. रूआँ शहरातील कॅथेड्रलची, म्हणजे मुख्य चर्चची, चित्रे त्याने १८९२ आणि १८९३ मध्ये समोरच्या इमारतींतील खोल्यांत बसून केली आणि पुढे स्टुडिओत त्यांवर दीर्घकाळ काम केले. म्हणून घरी काम करण्यात गैर काही नाही. ज्याच्यावर काम करायचे ते निरीक्षण जागेवरचे हवे.

तू वहीच्या पानाएवढे दोन-तीन पुठ्ठे प्रायमर लावून तयार ठेव. एका पुठ्ठ्यावर पाऊण तासापेक्षा जास्त बसू नको. रुंद फ्लॅट ब्रशने आधी आकाश, जमीन आणि मोठे झाड असे तीन-चार मोठे तुकडे बरोबर रंगात ठेव आणि मगच पुढे जा. पाने, दगड, माणसे शेवटी. निपाणीकडे तुला एक फायदाही आहे. तुमची काळी जमीन उजेड गिळते, त्यामुळे तिच्यावरील सावली खोल आणि थंड राहते, तर खानापूरच्या तांबड्या जमिनीवरून परतलेला उजेड सावलीला तांबूस करतो. तंबाखूच्या रानात संध्याकाळी पाच वाजता एक पुठ्ठा कर, आणि सुट्टीत पश्चिमेकडे जाऊन त्याच वेळी दुसरा. हे दोन पुठ्ठे शेजारी ठेवल्यावर जे दिसेल ते कोणत्याही व्याख्यानातून कळणार नाही.

प्रश्न : एका दुकानात ‘मोने शैलीतील हाताने रंगवलेले चित्र’ म्हणून कॅन्व्हास दाखवला गेला. त्यावर जाड फटकारे होते आणि किंमतही बरीच होती. खरे-खोटे कसे ओळखावे? — एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : हल्ली यंत्राने कॅन्व्हासवर छपाई करून त्यावर पारदर्शक जेलचे जाड फटकारे मारण्याची पद्धत आहे. शोभेची वस्तू म्हणून ती कोणी घेतली तर हरकत नाही. मात्र तिला हाताने रंगवलेले चित्र म्हणणे ही फसवणूक आहे. खोलीतला दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च चित्राच्या एका बाजूने, पृष्ठभागाला समांतर धरावा. उंचवटे कोठे आहेत आणि रंग कोठे बदलतो ते जुळते का पाहावे. खऱ्या चित्रात उंचवटा आणि रंग एकाच फटकाऱ्याचे असतात. छपाईत उंचवटा एकीकडे जातो आणि रंगाची कडा दुसरीकडे, आणि भिंगाखाली छपाईचे बारीक ठिपके दिसतात. कॅन्व्हासच्या मागील व कडेच्या बाजूवरही बहुधा कामाच्या खुणा सापडतात.

आणि चित्र हाताचे असले तरी जाड रंग म्हणजे गुणवत्ता, असे समजू नये. सुरीने थापलेला रंग शिकायला थोडे दिवस पुरतात. दुकानदाराला किंवा चित्रकाराला विचारावे की हे कोठले दृश्य आहे, कोणत्या ऋतूतले, दिवसाच्या कोणत्या वेळेचे. ज्याने ते पाहिले असेल तो लगेच सांगेल, आणि त्याचे सांगणे चित्रातील सावल्यांच्या लांबीशी व रंगाशी ताडून पाहता येईल. त्याच पैशांत आपल्या भागातील एखाद्या चित्रकाराचे लहान पण प्रत्यक्ष पाहून केलेले चित्र मिळत असेल, तर मी निःसंकोचपणे ते घ्या असे म्हणेन.

प्रश्न : आमच्याकडील पावसाळी ओलीत तैलचित्राला बुरशी येऊ नये म्हणून काय करावे? — एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर : पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नये, आतली भिंत निवडावी. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळते. देवघराजवळ समईची आणि धुपाची काजळी बसते, म्हणून तेथेही चित्र नको. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली झाडावी. ओले फडके कधीही फिरवू नये. तैलरंग पाणी उडून वाळत नाही. त्यातील जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते, आणि या शैलीत रंग जाड असल्यामुळे वरून कोरडा वाटला तरी आतून वाळायला कित्येक महिने लागतात. तोवर त्याला वार्निश लावू नये, काच टेकू देऊ नये आणि कापडात घट्ट गुंडाळून ठेवू नये. बुरशीचे पांढरे ठिपके दिसलेच, तर चित्र उतरवून हवेशीर जागी ठेवावे, स्वतः पुसण्याचा प्रयत्न न करता ज्याने ते रंगवले त्या चित्रकाराला दाखवावे, आणि ते जेथे टांगले होते ती भिंत आधी कोरडी करून घ्यावी.